बोथट सुई

ये, अबेलार्दो, बस. घाई करू नकोस.
आधी कान लाव इथे, डाव्या कोपराच्या वर.
ऐकलंस? धुक्यात दूर कुठे
लाँचचं इंजिन चालू असावं, तसं.
सकाळी उठले की आधी बोट ठेवून ती थरथर बघते,
मग चूल पेटवते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
केवी बेटावरून कास्त्रोला, पावणेसहाची लाँच,
वाऱ्यानं बंदर बंद नसेल तर.
चार तास ही खुर्ची, आणि शेजारी डॉन एलिसेओचं घोरणं.
त्याच्या दंडावरचे ते दोन फुगे पाहिलेस?
कोंबडीच्या अंड्याएवढे.
सोपी जागा सापडली म्हणून तिथेच टोचत राहिले त्याला.
दुखतही नसे तिथे, तोही काही बोलला नाही.
पँट गुडघ्यावर विरते, ती अशीच.

पहिल्या दिवशी यास्नानं सतरा नंबरची काढली.
मी म्हटलं, बाई गं, सतरा? एवढी जाड?
ती हसली. इथे हिशोब उलटा असतो, डोन्या एदेलमिरा,
आकडा चढला की सुई बारीक.
शीर नवी आहे, कोवळी आहे. पंधरावर सावकाश जाऊ.
मग शिडी चढवली तिनं माझ्या हातावर:
खालून वर, दर खेपेला बोटभर पुढे,
टोकाला पोचलं की पुन्हा पहिल्या पायरीवर.
पण माझी शीर सरळ अशी चारच बोटं,
पुढे ती मांसात बुडी मारते.
एवढ्याशा शिडीवर किती चढणार?

जूनमधलं तुला आठवतंय. मलाही.
सुई शिरेतून आरपार गेली तुझ्या हातून,
मनगटापर्यंत निळाजांभळा झाला हात,
आणि तू मागच्या खोलीत जाऊन रडलास.
भिंती पातळ आहेत रे इथल्या.

त्यानंतर यास्ना म्हणाली, आता दोनच भोकं.
एक रक्त बाहेर काढायला, एक परत घालायला.
जागा तीच, कोन तोच, खोली तीच,
आणि वाट पडेपर्यंत हातही एकच.
नऊ खेपा तिनं टोकदार सुई घातली.
सहावी तिच्या सुट्टीच्या दिवशी आली,
तर ओल्या केसांनी आली, घातली आणि गेली.
दहाव्या खेपेला बोथट सुई काढली.

मी ती उजेडात धरून पाहिली,
आणि मला माझ्या आईची सुई आठवली.
लूमाच्या लाकडाची, चपटी, टोकाला गोलसर,
तिच्या पोटात दोरा भरलेला.
पन्नास वर्षं मी तिनं फाटकी जाळी सांधली,
पण ती टोचली कशालाच नाही.
जाळ्याच्या सुईला टोचायचं नसतं,
असलेल्या भोकातून जायचं, गाठ घ्यायची, मागे यायचं.

आता यास्ना पोर्तो मोंतला. नवरा तिकडे, नोकरी तिकडे.
तिनं माझा हात तुला दिलाय.

तर हात धू. माझाही धुतलाय, साबणानं, दोनदा.
खपली भिजू दे. कोरडी ओरबाडू नकोस,
आतला चुरा रक्तात गेला तर ताप मला येईल, तुला नाही.
पट्टा आवळ. सुईचं तोंड वर. पंचवीस अंश,
म्हणजे किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी
जेवढी कलते तेवढं.
आता ढकलू नकोस.
अडली? अडू दे. थोडी मागे घे,
दोन बोटांत हलकेच फिरव, ऐक तिला.
वाट आहे तिथे, ती यास्नानं पाडलीय,
तू फक्त सापडव.

कापतोयस. मीही कापतेय.
दोघं मिळून कापू, पण कोन सोडू नकोस.

सुई कधी आत गेली
ते दोघांनाही कळलं नाही.
नळीत लाल चढलं, तेव्हा कळलं.

डॉन एलिसेओ डोळे न उघडताच म्हणाला,
लाँच लागली का?